मनुकांचा प्याला

मास्तरांचा नमस्कार नाकाने व्हायचा. रविवारी ते चर्चच्या दारात उभे असायचे. डोक्यावर पांढरी टोपी, भर उन्हाळ्यातही बिनबाह्यांचा स्वेटर, आणि काखेत खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं शास्त्र, म्हणजे बायबल. पुरुषमाणूस आला की "जय ख्रिस्त" म्हणून त्याचा हात हातात घ्यायचे आणि असा जवळ ओढायचे की त्याचं तोंड बरोबर मास्तरांच्या नाकाखाली यायचं. मग एक श्वास आत. त्यानंतर एक तर "जा, बस", नाही तर "घरी जाऊन झोप". तिसरा निकाल नव्हता. एकदा एकजण शहाणपणा करून कच्चा कांदा चावून आला. मास्तर म्हणाले, "वर कांदा हाय. खाली काय हाय ते बी सांगू का?" तो आल्या पावली परत गेला.

शिरूर कासारच्या बाजूला आमचं गाव. त्यात ख्रिस्ती घरं अठरा. आम्हाला कायमचा पाळक परवडत नव्हता. पाळकसाहेब महिन्या-दोन महिन्यांतून एकदा एसटीने यायचे, भाकर आणि द्राक्षारसाचं प्रभुभोजन द्यायचे आणि दुपारच्या गाडीने जायचे. बाकीचे सगळे रविवार मास्तरांचे. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले होते, पण वर्ग सुटला तरी सवय सुटली नव्हती. उपदेश करता करता मध्येच थांबून "मागची बाई, मी काय म्हणालो?" असं विचारायचे. ती मागची बाई बहुतेक वेळा मीच असायचे. मी या गावची सून आणि गावची आशा कार्यकर्ती. आठवडाभर घरोघर फिरून रविवारी माझा डोळा लागायचा, आणि तेवढं मास्तरांना बरोबर दिसायचं.

आता मास्तर नाहीत. त्यांच्याविषयी लोक चांगलंच बोलतात. मीही बोलते. पण ते अर्धं असतं.

त्यांचा जीव काना गावच्या लग्नात अडकलेला होता. आमच्याकडे कोणाचंही लग्न असो, मास्तर उठणार आणि प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला तेच काढणार. पण त्यांचं लक्ष रसाकडे नसायचं, पाण्याकडे असायचं. "सहा रांजण. एकेकात दोन-तीन मण पाणी. त्या नोकरांनी किती खेपा केल्या आसतील, हिशोब करा. आडातून काढलं, डोक्यावर आणलं, काठोकाठ भरलं. कावून भरायचं, हे बी त्यांनी इचारलं न्हाई. चमत्कार तितंच झाला. पुढचं देवाला सोपं होतं." टँकरच्या पाइपाखाली हंडा लावायला भांडणारी आम्ही माणसं, आम्हाला ते लगेच पटायचं. बायका तर मान डोलवायच्या.

दारूचा प्रश्न कोणीतरी काढायचंच. मंडळीचे मोठे पंच जरा मिस्कील होते. ते मुद्दाम विचारायचे, "मास्तर, मग प्रभूनं लग्नात पाजली ती काय होती?" मास्तर याची वाटच बघत असायचे. "आंबायला दिवस लागत्यात का न्हाई? प्रभूनं किती येळात केलं? एका शब्दात. मग आंबायला सवड कुटं मिळाली? ताजा रस होता त्यो. देव नासकं करत न्हाई." पंच म्हणायचे, "आन् पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा घे म्हणलं ते?" "त्याचं पोट दुखत होतं. तुमचं दुखतंय का? दुखत आसंल तर सूनबाईकडून गोळी घ्या." यावर सगळे हसायचे आणि पंगत बसायची.

पाच भाकरींच्या चमत्काराबद्दल शहरातल्या कोणी शिकलेल्या पाहुण्याने एकदा सांगितलं, की लोकांनी आपापली शिदोरी लपवून ठेवली होती, एकाने काढली तशी सगळ्यांनी काढली, एवढंच झालं असेल. मास्तर त्याला म्हणाले, "अठरा घरांच्या मंडळीत मी आख्खी हयात काढली. लपवलेली शिदोरी कोण भाईर काढत न्हाई. त्यापरास भाकरी वाढल्या यावर माझा इस्वास लवकर बसतो."

आमच्याकडे प्रभुभोजनाला द्राक्षारस बाहेरून आणत नसत. मास्तर स्वतः काढायचे. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळायच्या, त्यांनी आणि त्यांच्या बायकोने मिळून पातळ धोतरातून पिळायच्या. त्याच दिवशी उपासना, त्याच दिवशी प्याला. आणि आशीर्वाद मिळायच्या आधी तो रस कोणी चाखायचा नाही. नैवेद्य चाखत नाहीत तसंच. आमचे आजे-पणजे ख्रिस्ती झाले तेव्हा बरंच काही मागे ठेवून आले, पण ही गोष्ट कोणाच्या तरी पदराला चिकटून आली असावी. चाखायचं नाही, त्यामुळे रस चांगला की वाईट हे मास्तरांच्या नाकाने ठरायचं. वर्षानुवर्षं त्यात कधी चूक झाली नाही.

माझा नवरा ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर होता. दिवाळीनंतर कारखाने पेटले की तो निघायचा. फडातून कारखाना, कारखान्यातून फड, आणि मध्ये जितके गुत्ते तितके थांबे. घरी आला की काय व्हायचं ते सांगत बसत नाही. माझा डावा हात अजून पूर्ण वर जात नाही, एवढं पुरे. एका हंगामाच्या सुरुवातीला मास्तर डबा घेऊन आले आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून बसले. नवरा म्हणाला, "मास्तर, कुटं?" "तू जाशील तितं." सत्तरीचा माणूस थंडीत, दोन ट्रॉल्यांच्या खडखडाटात, बावीस दिवस मडगार्डवर बसून राहिला. गुत्ता आला की आधी हे खाली उतरायचे आणि दारात उभे राहायचे. ऊसतोडीची माणसं हसून हसून बेजार. कोणी म्हणायचं, "ड्रायव्हर, सासरा बरोबर आणला का बे?" तेविसाव्या दिवशी नवऱ्याने मला फोन केला. म्हणाला, "म्हातारा खोकाया लागलाय. मेला तर पाप मला लागंल. मी सोडली, जा."

आणि खरंच सोडली. चर्चमध्ये सगळ्यांसमोर गुडघे टेकून शपथ घेतली. मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसेच खाली वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. सगळी मंडळी हसली, नवराही हसला. त्यानंतरची सहा वर्षं ही माझ्या संसाराची वर्षं. घराला पत्र्याच्या जागी स्लॅब आला ते मी धरत नाही. तो संध्याकाळी घरी येताना दिसला की मी घरातली काठी लपवायचे, ते लपवणं बंद झालं, ते धरते.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मास्तरांची बायको गेली. ते स्वतः दोन आठवडे अंथरुणावर होते आणि उठले. मी वही घेऊन घरोघर फिरत होते. ताप, खोकला, धाप, तोंडाला चव, नाकाला वास. मास्तर ओसरीवर बसले होते. मी विचारलं, "मास्तर, वास येतो ना?" ते म्हणाले, "येतो की. लिही." मी लिहिलं. त्या वेळी मला शंका यायला काहीच कारण नव्हतं.

उपासना पुन्हा सुरू झाल्या. मास्तर दारात उभे, हात धरणं तसंच, ओढणं तसंच. फक्त "घरी जाऊन झोप" कोणाला ऐकू येईना. पिऊन आलेलेही आत येऊन बसायला लागले. लोक म्हणाले, बायको गेल्यापासून मास्तर मऊ झाले. मलाही तसंच वाटलं आणि बरं वाटलं.

दोन-तीन वर्षांनंतरच्या एका पवित्र आठवड्यातली गोष्ट. पाळकसाहेब गुरुवारी येणार होते. एकट्याला सकाळी उरकणार नाही म्हणून मास्तरांनी या खेपेला बुधवारीच मनुका उकळल्या, पिळल्या आणि रस नव्या मडक्यात भरून ओल्या पोत्यात गुंडाळून चर्चच्या कोपऱ्यात ठेवला. गुरुवारी निरोप आला, पाळकसाहेबांची आई आजारी आहे, ते एकदम ईस्टरच्या रविवारी येतील. चैत्रातलं ऊन, वर पत्रा. कोणीतरी म्हणालं, ओतून द्या, नवा काढू. मास्तर म्हणाले, "प्रभूच्या नावानं काढलेलं ओतायचं न्हाई. चांगला हाय. मी वास घेतलाय."

रविवारी पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला. भाकर ते देत होते, स्टीलचा प्याला घेऊन मास्तर रांगेतून फिरत होते. पुरुष आधी. माझा नवरा पहिल्याच रांगेत गुडघ्यावर होता. मी पलीकडच्या बाजूला, मला त्याचा चेहरा दिसत होता. त्याने प्याला ओठाला लावला आणि थांबला. मान वर करून म्हणाला, "मास्तर, ह्ये..."

मास्तर वाकले. त्यांना वाटलं असणार, जुनं पाप आठवून हा मागे सरतोय. म्हणाले, "कावून थांबलास? तुझ्यासाठीच हाय. घे."

"मास्तर, वास..."

"घे म्हणतो ना. इस्वास ठेव."

त्यांनी प्याल्याला खालून हात लावून वर उचलला आणि माझा नवरा प्याला.

बायकांची पाळी आली तेव्हा प्याला माझ्या हनुवटीशी येण्याआधीच मला कळलं. दहा वर्षं मी तो वास उशीवर घेऊन झोपले होते. मी घोट घेतला आणि गप्प बसले. सगळ्यांनीच घेतला आणि सगळेच गप्प बसले. प्रभूच्या प्याल्याला आंबलेला कोण म्हणणार? शेवटचा घोट पाळकसाहेबांचा. बाकीच्या गावांत ते विकतचा द्राक्षारस घेत, त्यांना वाटलं, या वेळी इथेही तोच आणला असेल. दुपारच्या गाडीने ते निघून गेले.

नवरा घरी येऊन भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "काना गावाचं उलटं झालं गं. तितं पाण्याचं चांगलं झालं. हितं रसाची दारू झाली, आन् ती बी फकस्त माझ्या तोंडात." मी म्हणाले, माझ्याही तोंडात तेच होतं, सगळ्यांच्याच होतं, मडकं चार दिवस उन्हाळ्यात ठेवलं होतं, आंबलं, दुसरं काही नाही. तो म्हणाला, "तू माझं मन राखाया बोलतीस." मी पंचांच्या बायकोला विचारलं. ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "मला बाई काय कळलं न्हाई." मग नवरा स्वतः उठून मास्तरांकडे गेला. मीही मागे गेले. त्याने सरळ विचारलं, "रस आंबला होता का?"

मास्तर म्हणाले, "न्हाई. शुद्ध होता. मी वास घेतलेला."

मास्तरांचं नाक कधी चुकलं नव्हतं. नवऱ्याने मान हलवली. त्याच्या दृष्टीने निकाल लागला होता. देवाने अठरा घरांतून त्यालाच वेगळा काढला होता, सहा वर्षं झाली तरी शपथ स्वीकारली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो गुत्त्यावर गेला. लपून नाही, सगळ्यांदेखत गेला.

दोन आठवड्यांनी मी भांडायला म्हणून मास्तरांच्या घरी गेले. ते ओसरीवर शास्त्र वाचत बसले होते आणि आत चुलीवर वरण करपत होतं. नुसतं लागलं नव्हतं. जळून कोळसा झालं होतं, वास रस्त्यापर्यंत येत होता. मी दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी मला "ये, बस" म्हटलं. मी आत जाऊन पातेलं उतरवलं आणि त्यांच्यासमोर आणून ठेवलं. त्यांनी पातेल्यात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ती गेली तवापासून. वास न्हाई, चव न्हाई."

"मग माझ्या वहीत खोटं कावून लिहायला लावलं?"

त्यांनी शास्त्र मिटलं. मग म्हणाले, "सूनबाई, दारात उभं राहायचं तेवढं एकच काम उरलं होतं मला."

मला त्यांची दया आली. खोटं कशाला सांगू, आली. मी म्हणाले, "मास्तर, तो माझं ऐकत नाही. त्याला फक्त तुमचं खरं वाटतं. वास येत नाही एवढं त्याला सांगा. रस सगळ्यांचाच आंबला होता एवढंच सांगा. तो थांबेल." ते म्हणाले, "सांगतो. येत्या रविवारी उभा राहून सगळ्यांपुढं सांगतो."

रविवारी ते उभे राहिले आणि वादळ शांत केल्याच्या चमत्कारावर बोलले. त्याच्या पुढच्या रविवारी आंधळ्याला दृष्टी दिल्यावर. मी मागे बसून त्यांच्याकडे एकटक बघायचे. झोप तर केव्हाच उडाली होती. ते माझी नजर टाळायचे. उपासना संपली की कोपऱ्यात म्हणायचे, "पुढच्या रविवारी, सूनबाई. एकवार धीर होऊ दे." सरळ घरी येऊन त्याला एकट्याला सांगा, असं मी म्हणाले, तेही झालं नाही. असे किती रविवार गेले ते मोजायचं मी नंतर सोडून दिलं. मीच का नाही उठून बोलले? बोलले, दोनदा, पंचांजवळ. ते म्हणाले, "सूनबाई, हे भाईर गेलं तर गाव काय म्हणंल? चर्चात दारू पाजत्यात म्हणंल. आदीच आपुन अठरा घरं."

पुढच्या थंडीत नवऱ्याचं पोट फुगलं, डोळे हळदीसारखे झाले. दवाखान्यातून घरी न्या म्हणाले तेव्हा मला अर्थ कळला. हे काम मी करते, दुसऱ्यांना तो अर्थ मीच समजावून सांगते. मास्तर भेटायला आले. बाजेशेजारी स्टुलावर बसले. नवऱ्याने त्यांचा हात धरला. आता जवळ ओढणारा तो होता.

"मास्तर, एकच सांगा. त्या दिशी प्याला समद्यांचाच तसा होता, का माझाच?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. अक्षरशः जोडले. त्यांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, "आपुन प्रार्थना करू."

नवऱ्याने हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

माती द्यायला सगळं गाव आलं होतं. आमची अठरा घरं, आणि त्याच्याबरोबर ट्रॅक्टरवर असलेली, ऊसतोडीला जाणारी, शेजारच्या शेतांतली माणसं, टोप्या हातात घेऊन उभी. पाळकसाहेबांना यायला जमलं नाही, म्हणून शास्त्र मास्तरांनीच वाचलं. वाचून झालं, त्यांनी पुस्तक मिटलं आणि टोपी काढली. त्यांना मी बिनटोपीचं कधी पाहिलं नव्हतं.

"मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "मला पाप लागलंय. ईस्टरच्या दिशी प्याल्यात..."

पंच एकदम खाकरले. त्यांनी एकवार गावाकडे बघितलं आणि मोठ्याने गीत धरलं. चार-पाच जण लगेच त्यांच्यात मिसळले. मास्तर थांबले नाहीत, बोलत राहिले, पण त्यांचे शब्द कोणाला कळेनात. ते माझ्याकडे बघत होते. मी नुसता हात वर केला असता तरी सगळे थांबले असते. ती माती माझ्या माणसाची होती. तिथे माझा शब्द पंचांनाही मोडता आला नसता.

जे ऐकायला मी इतके महिने झुरले ते त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण ज्याला ते ऐकायचं होतं तो खाली होता. माणूस वाचवायला जे तोंडातून निघालं नाही, ते माणूस पुरताना सांगून हलकं व्हायचं, हे मला सहन होईना. त्यांना हलकं होऊ द्यायचं नव्हतं मला.

मी पदर सावरला आणि गायला लागले. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. कडवं संपलं की मास्तर तोंड उघडायचे, आणि पंचांच्याही आधी मी पुढचं कडवं उचलायचे. चौथ्या कडव्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही.